ज्वारीचे पाणी श्रावणातच राखावे लागते

शेतकरी बांधवांनो, डिसेंबरच्या अखेरीस मोहोळ, मंगळवेढा, बार्शी या पट्ट्यातून कधी एसटीने गेलात तर खिडकीतून जरा बाहेर बघा. बांधाला बांध लागून असलेले दोन तुकडे दिसतील. दोन्हींत मालदांडीच. पाऊस दोन्हींवर सारखाच पडलेला, कारण ढग काही बांध बघून बरसत नाही. तरी एका रानातली ताटे खालच्या पानापर्यंत हिरवी, कणसे भरत आलेली. आणि पलीकडे पाने करपून लोंबत असलेली, कणसे निम्मी पोटरीतच अडकलेली. मालकाला विचारले तर एकच उत्तर मिळते, "काय सांगायचं, यंदा ओल तुटली."

ओल तुटली हे खरे. पण ती कधी तुटली? डिसेंबरात तुटलेली ओल डिसेंबरात दिसते एवढेच. ती हातातून गेलेली असते ऑगस्ट-सप्टेंबरात, रान मोकळे पडलेले असताना, आणि आपण खरिपाच्या धावपळीत तिकडे पाठ करून बसलेले असताना. आजचे लिहिणे आहे ते एवढ्यासाठीच. पेरणीला अजून अवकाश आहे तोवरच ही गोष्ट बोलण्यात अर्थ आहे.

रब्बी ज्वारी हे अजब पीक आहे. पाऊस परतायच्या बेताला ते पेरायचे आणि पुढचे साडेतीन-चार महिने आभाळाकडे न बघता वाढवायचे. एखादा चित्रातला पाऊस झाला तर देवाची कृपा, नाही तर जमिनीत साठले असेल तेवढ्यावर संसार. म्हणून या पिकापुरती जमीन हीच विहीर आहे. आता तुमच्या विहिरीत पाणी किती, ते मोजू. भारी काळी जमीन ढोबळमानाने एक फूट खोलीला सुमारे ५० मिलिमीटर, म्हणजे दोन इंच, पिकाच्या उपयोगी पडणारे पाणी धरते. एक फुटाच्या खाली मुरूम लागला तर तुमची शिल्लक ५० मिलिमीटर. दोन फूट असेल तर १००, तीन फूट असेल तर १५०. उघडिपीच्या दिवसांत जोमात आलेले पीक रोज तीन मिलिमीटर पाणी सहज पिते. भागाकार तुम्हीच करा. एक फुटाचे रान सोळा-सतरा दिवसांत कोरडे, तीन फुटांचे पन्नास दिवसांनी. प्रत्यक्षात पीक लहान असताना कमी पिते, आणि पाणी कमी पडू लागले की आपणहून आवरते घेते, म्हणून ओल याहून जास्त दिवस पुरते. पण दोन रानांतला फरक याच हिशेबाने पडतो.

दुसरा हिशेब पावसाचा. एका एकरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे चार हजार लिटर पाणी. इंचभराचा एक झोडपा म्हणजे एकरी लाखभर लिटर, दहा हजार लिटरचे दहा टँकर. उन्हाळ्यात एका टँकरसाठी आपण तहसीलला हेलपाटे मारतो, आणि भाद्रपदात असे दहा टँकर एका तासात रानातून ओढ्याला जातात, वर मातीही घेऊन जातात. सोलापूरकडे पावसाचा सर्वांत मोठा महिना सप्टेंबर. म्हणजे पाणी येते तेही नेमके पेरणीच्या तोंडावर, आणि येते ते आडदांडपणे. ते अडवायला रान आधीपासून तयार नसेल तर पाऊस चांगला होऊनही ओल मात्र वितभरच.

यात नवीन काही नाही. सोलापूरला १९३३ साली कोरडवाहू शेतीचे संशोधन सुरू झाले, त्याला नव्वद वर्षे उलटून गेली. ना. वि. कानिटकरांनी त्या कामावर लिहिलेला कोरडवाहू शेतीवरचा ग्रंथ १९४४ साली दिल्लीहून निघाला. त्या काळी 'मुंबई कोरडवाहू पद्धत' म्हणून जी शिफारस झाली ती काय होती? बांध घाला, तीन वर्षांतून एकदा खोल नांगरा, पावसाळाभर कुळवाच्या पाळ्या द्या, बी कमी टाका, दोन ओळींत दीड फूट अंतर ठेवा, आणि पिकात तीन-चार वेळा कोळपा. आजचा विद्यापीठाचा कागद काढून शेजारी ठेवा. अवजारे बदलली, वाणांची नावे बदलली, गाभा तोच आहे. आपले आजोबा यातले निम्मे करायचे, आपण चतुर्थांश करतो. बैल कमी झाले, हे त्याचे एक कारण आहे आणि ते खोटे नाही. पण ट्रॅक्टर आल्यावर जे सोपे व्हायला हवे होते तेही आपण सोडले, याला काय म्हणावे?

आता पिकाकडे वळू. ज्वारी पाण्याशिवाय तग धरते असे आपण म्हणतो, ती कशी धरते ते बघण्यासारखे आहे. दुपारच्या उन्हात रानात जा. पान आतल्या बाजूला वळून पुंगळीसारखे झालेले असते. ती ऊन लागणारी बाजू कमी करते. ताटावर आणि पानाच्या देठाशी बोट फिरवा, पांढरी भुकटी बोटाला लागेल. तो मेणाचा थर आहे, त्यातून पाणी उडत नाही. फारच ताण पडला तर ज्वारी वाढ थांबवून गप्प उभी राहते आणि पाऊस झाला की पुन्हा सुरू करते. मका असे करू शकत नाही, तो ऐन तुऱ्यात ताण पडला की कणीस रिकामे ठेवतो. त्यातही ज्याला शास्त्रज्ञ 'हिरवे राहणे' म्हणतात तो गुण मोठा आहे. दाणा भरतानाही काही वाणांची वरची पाने हिरवी राहतात आणि शेवटपर्यंत दाण्याला अन्न पुरवतात. ज्यांची पाने लवकर वाळतात ती ताटे मग स्वतःच्या खोडातला साठा उपसून दाण्याला घालतात. खोड आतून पोकळ होते, बुरशी शिरते, आणि ताटे आडवी होतात. तोच आपला खडखड्या. आडव्या पडलेल्या ताटाचे बूड चिरून बघा, आत धागे सुटलेले आणि त्यावर काजळीसारखे काळे ठिपके. पुष्कळजण याला रोग म्हणून औषध विचारायला दुकानात जातात. ओल तुटली नसती तर तो रोग इतका माजला नसता.

मुळांचे आणखी एक आहे, आणि ते फार थोड्यांना ठाऊक आहे. ज्वारीच्या दाण्यातून पहिल्याने एकच मूळ निघते. पीक पेलणारी, चहूबाजूंनी पसरणारी मुळे नंतर ताटाच्या बुडखातून, जमिनीच्या वरच्या थरातून फुटतात, आणि तो वरचा थर ओला असेल तरच फुटतात. पेरणी लांबली, वरची चार बोटे माती सुकून गेली, की ही मुळे फुटतच नाहीत. खाली दोन फुटांवर ओल असते, पण तिथे जाणारे मूळ एकटेच. असे ताट हाताने हलवले तरी डुलते. म्हणून पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या महिन्यात, आणि त्यातही घात साधून, उत्तरा ते हस्त नक्षत्रात व्हावी असा आग्रह असतो. त्याच्या आधी घाई केली तर खोडमाशी पोंगे मारते. चित्रा निघून गेल्यावर पेरले तर मुळाचे असे होते.

इथे आम्हाला गावातल्या कारभाऱ्यांशी आणि कर्मचाऱ्यांशी दोन शब्द बोलायचे आहेत. हुद्द्यांची नावे अलीकडे बदलली, तलाठी ग्राम महसूल अधिकारी झाले, कृषी सहायक सहायक कृषी अधिकारी झाले. नाव बदलायला हरकत नाही. पण बियाणे वाटपाची रीत मात्र तीच राहिली. पीक प्रात्यक्षिकाचे बियाणे येते ते गावाला एकाच वाणाचे, आणि यादीत नाव असेल त्याला एक पिशवी. त्याची जमीन बरड की काळीभोर हे कोण बघतो? सातबाऱ्यावर क्षेत्र असते, आकार असतो, जमिनीची खोली नसते. २०१५ पासून मिळणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेतही नत्र, स्फुरद, पालाश, सामू आणि सूक्ष्म अन्नद्रव्ये असतात, पण मुरूम किती फुटांवर लागतो ते नसते. आणि जिरायत ज्वारीचे सगळे भवितव्य त्या एका आकड्यावर!

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने वाण दिले तेच मुळी खोलीप्रमाणे वाटून दिले. फूटभर खोलीच्या हलक्या रानाला फुले अनुराधा किंवा फुले माऊली. अनुराधा एकशे पाच ते दहा दिवसांत निघते, म्हणजे ओल संपायच्या आत दाणा भरून मोकळी होते. दोन फुटांपर्यंतच्या मध्यम रानाला फुले सुचित्रा, फुले चित्रा किंवा आपली जुनी मालदांडी. त्याहून खोल, भारी रानाला फुले वसुधा, फुले यशोदा. परभणीच्या विद्यापीठाची परभणी मोतीही चालते. पाण्याची सोय असेल तर फुले रेवती. हलक्या रानात वसुधा पेरली तर ती उंच वाढते, रुबाब दाखवते, आणि निसवायच्या वेळी पाणी संपते. मग शेतकरी म्हणतो, "सरकारी बी खोटं निघालं." बी खोटे नव्हते, ते चुकीच्या रानात गेले होते. उलट बाजूने, भारी रानात अनुराधा टाकली तर जमिनीत ओल शिल्लक असताना पीक निघून जाते. तेही नुकसानच, फक्त डोळ्याला दिसत नाही.

मालदांडीची गोष्ट तर आपल्या घरची. १९३० च्या दशकात मोहोळला स्थानिक ज्वारीतून निवड करून हा 'मालदांडी ३५-१' वाण काढला, आणि अजून तो शेतकऱ्याने सोडलेला नाही. किती संकरित वाण आले आणि गेले. दाणा टपोरा, भाकरी मऊ आणि गोडसर, कडबा जनावर आवडीने खाते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. पण म्हणून प्रत्येक रानात मालदांडीच हवी, हाही एक हट्टच. ती एकशे वीस-पंचवीस दिवस घेते. फूटभर रानात ती आणायची कुठून?

खोली बघायला यंत्र लागत नाही. एक सब्बल, एक फावडे आणि अर्धा तास पुरे. एका तुकड्यात तीन ठिकाणी खड्डा घ्या: वरच्या अंगाला, मध्यावर, खालच्या अंगाला. काळी माती संपून मुरूम किंवा चुनखड कुठे लागते ते बघा. पुष्कळांचा अनुभव असा, की 'आमचं रान काळं आहे' म्हणणाऱ्याच्या रानातच वरच्या अंगाला दीड फुटावर मुरूम निघतो. मग एकाच तुकड्यात वरती एक वाण आणि खालती दुसरा पेरायला कोणी मना केले आहे?

आता करायचे काय ते सांगतो. पहिले काम वाफ्यांचे. मोकळ्या रानात, उताराला आडवे, साधारण दहा मीटर बाय दहा मीटरचे चौकोन सारा यंत्राने किंवा बळीराम नांगराने पाडायचे. उतार जास्त असेल तर याहून लहान. वाफे श्रावणात पडले तर भाद्रपदाचा पाऊस त्यात थांबतो आणि जिथे पडला तिथेच मुरतो. पेरणीच्या वेळी कुळवाने मोडून पेरायचे. चिबड रानात मात्र हे करू नका, तिथे पाणी मुरण्याऐवजी साचेल आणि घात येईपर्यंत दिवाळी उजाडेल. काहीजण म्हणतात, वाफे पाडले की मधे कुळवता येत नाही, तण माजते. खरे आहे. आधी दोन पाळ्या देऊन तण मोडून घ्या आणि मग वाफे पाडा. एवढ्यावरून काम टाळायचे कारण नाही.

दुसरे, बियाणे. हेक्टरी दहा किलो पुरे, एकरी चार. बियाण्याला किलोला चार ग्रॅम ३०० मेशचे गंधक चोळले की काणी येत नाही. हा खर्च चहापाण्याइतकाही नाही. ओळीत दीड फूट, म्हणजे ४५ सेंटिमीटर. खत आणि बी दोन चाड्याच्या पाभरीने एकदम, खत खाली ओलीत. उगवल्यावर दहा-बारा दिवसांनी विरळणी करून दोन रोपांत १५ सेंटिमीटर ठेवा. विरळणी करताना हात थरथरतो, हे आम्हाला ठाऊक आहे. आपणच उगवलेले आपणच उपटायचे म्हणजे काय! पण जादा ठेवलेले प्रत्येक ताट त्याच विहिरीवर दोर सोडून बसलेले असते. दाट पेरलेले रान नोव्हेंबरात बघायला सुंदर, जानेवारीत बघवत नाही. वैरणीसाठी दाट पेरायचे असेल तर तेवढा पट्टा वेगळा ठेवा.

तिसरे काम कोळपणीचे, आणि आमच्या मते सर्वांत जास्त कंटाळा होतो तो इथेच. पहिली कोळपणी तिसऱ्या आठवड्यात फटीच्या कोळप्याने, दुसरी पाचव्या आठवड्यात पासाच्या कोळप्याने, आणि तिसरी आठव्या आठवड्यात दातेरी कोळप्याने. पहिल्या दोन तणासाठी होतात असे सगळे समजतात, म्हणून तण नसले की तिसरी कोणी करीत नाही. तिसरी कोळपणी तणासाठी नसतेच मुळी. काळी जमीन सुकली की भेगाळते. हात घातला तर कोपरापर्यंत जाईल अशी भेग म्हणजे जमिनीला पडलेली खिडकी. तिच्यातून खालच्या थराचीही ओल वाऱ्यावर जाते, शिवाय बारीक मुळे तुटतात ती वेगळीच. दातेरी कोळपे मारून वरची माती भुसभुशीत केली की ती भेगांत पडून त्या बुजतात, आणि वर मातीचेच पांघरूण होते. बैलजोडी नसेल तर सायकल कोळपे घ्या, शेजाऱ्याशी सावड करा, पण ही एक पाळी चुकवू नका.

पाणी देता येण्यासारखे असेल, शेततळ्यात थोडे साठलेले असेल, तर ते कधी द्यायचे? एकच पाणी असेल तर पेरणीनंतर ३५ ते ४० दिवसांत. दोन असतील तर पहिले २८ ते ३० दिवसांनी, जोमाच्या वाढीत, आणि दुसरे ५० ते ५५ दिवसांनी, पीक पोटरीत असताना. पाने करपलेली बघून मग मोटार सुरू करायची, ही आपली रीत. त्या पाण्याने कडबा थोडा हिरवा दिसतो, पण दाण्याची वेळ निघून गेलेली असते. शिवाय भेगाळलेल्या रानात दिलेले पाणी आधी भेगा पिऊन घेतात.

एक अवघड प्रश्न राहतो, तो टाळून चालणार नाही. खरिपात रान मोकळे का ठेवायचे? उडीद-मूग होतो, सोयाबीनला पैसा होतो, मग ज्वारीसाठी चार महिने रान पडीक ठेवणे आजच्या खर्चाच्या दिवसांत कोणाला परवडते? आम्ही कोणालाही पडीक ठेवा असे दरडावून सांगणार नाही. पण रान बघून ठरवा. तीन फुटांचे भारी रान असेल आणि पावसाने वेळेवर सुरुवात केली असेल तर उडीद-मूग काढून ज्वारी घेता येते. भाद्रपदाचा पाऊस विहीर पुन्हा भरतो. दीड-दोन फुटांच्या रानात दोन पिकांचा हव्यास म्हणजे एकाच भाकरीवर दोन पंगती. आणि सोयाबीन निघेपर्यंत पेरणीची वेळ टळते, मग त्या रानात ज्वारीऐवजी हरभऱ्याचा विचार करा. फूटभराच्या आतल्या बरडावर तर रब्बीचा नादच सोडा. तिथे खरिपात बाजरी, हुलगा, मटकी हीच खरी पिके.

ज्वारीखालचे रान दरवर्षी कमी होत चालले आहे, ते काही ओलीच्या प्रश्नामुळेच नाही. ताटे हाताने उपटायला माणूस मिळत नाही, मिळाला तर मजुरी परवडत नाही. ऊस, कांदा डोळ्यांसमोर असतो. २०२३ हे वर्ष जगभर भरडधान्याचे वर्ष म्हणून साजरे झाले, शहरात ज्वारीच्या बिस्किटांची पाकिटे निघाली, त्यातला रुपया बांधापर्यंत किती आला? मालदांडीचा हमीभाव २०२५-२६ साठी क्विंटलला ३,७४९ रुपये ठरला, पण हमीभावाने विकायला गावाजवळ खरेदी केंद्र लागते. ही सगळी दुखणी खरी आहेत. पण ज्या वर्षी पाऊस दगा देतो त्या वर्षी दावणीची जनावरे कडब्याच्या गंजीवरच जगतात, आणि गंजी नसली की ती बाजाराची वाट धरतात. १९७२ ज्यांनी पाहिला त्यांना हे सांगावे लागत नाही. २०१२ आणि २०१८ तर आपण सगळ्यांनीच पाहिले. छावण्यांच्या दावणीला बांधलेली जनावरे अजून आठवतात. विम्याच्या योजना येतात-जातात. एक रुपयातला पीकविमा २०२३ साली आला आणि २०२५ मध्ये गेलाही. गंजी मात्र आपल्या खळ्यात असते.

तेव्हा सरपंच, सदस्य आणि गावातल्या कर्मचारी मंडळींकडे आमचे मागणे मोठे नाही. येत्या ग्रामसभेत एक विषय घ्या. गावातल्या ज्वारीच्या रानांची खोली मोजून गट नंबरवार एक वही करा. कृषी पदविकेची पोरे गावात असतातच, आठवड्याभराचे काम आहे. त्या वहीप्रमाणे तालुक्याला वाणांची मागणी कळवा: अनुराधा इतकी, सुचित्रा इतकी, वसुधा इतकी. मागणी गावाकडून लेखी गेली तर वरून एकच वाण आला तेव्हा विचारता तरी येईल. बियाणे ऑगस्टअखेर गावात यायला हवे, हस्त निघून गेल्यावर आलेली पिशवी चुलीजवळच पडून राहते. आणि ग्रामपंचायतीच्या किंवा शेतकरी गटाच्या नावाने एक सारा यंत्र घेऊन ठेवा, नाममात्र भाड्याने फिरवा. ट्रॅक्टर गावात पुष्कळ आहेत, पाठीमागे जोडायचे तेवढे नाही.

आणि शेतकरी बांधवांनो, त्या वहीची वाट बघत बसू नका. पोळा अजून पुढे आहे. उद्या सकाळी वैरणीला रानात जाल तेव्हा सब्बल बरोबर न्या.